पेशींची वेळ आणि पाळीची वेळ

मुंबईत एकदा घड्याळाच्या वेळेवरून दगडफेक झाली होती. १ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ लागू करण्यात आली. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. नवी वेळ ५ तास ३० मिनिटे पुढे होती, म्हणजे साऱ्या शहराने आपापली घड्याळे ३९ मिनिटांनी पुढे सारावीत अशी अपेक्षा होती. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम थांबवले आणि गिरणीवर दगड फेकले. सुशिक्षितांनी सभा घेतल्या, अर्ज पाठवले. आणि नगरपालिकेच्या कारभारात जुनी मुंबई वेळ पुढे कित्येक दशके टिकून राहिली. परकीय सत्तेविरुद्धचा रोष म्हणून या घटनेकडे पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. जीवशास्त्र शिकवणाऱ्या मला मात्र त्यातली ती ३९ मिनिटेच आधी दिसतात. घड्याळातला आकडा तोच ठेवून कामावर हजर व्हायचे, तर सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी उठायला हवे, आणि माणसाचे शरीर हिशेब ठेवते तो सूर्याचा. आजही वर्षाची सरासरी काढली तर मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास.

हा हिशेब शरीरात नेमके कोण ठेवते, हे गेल्या पन्नास वर्षांत उलगडत गेले आहे. तो ठेवतात काही मोजकी प्रथिने, जी आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत दिवसाच्या एका वेळी वाढतात आणि दुसऱ्या वेळी ओसरतात. या प्रथिनांविषयी मी अनेक वर्षे शिकवत आले आहे, आणि जितके अधिक वाचते तितके मला ठामपणे वाटू लागले आहे की झोप, जाग आणि भूक यांच्याकडे आपण चारित्र्याचे गुणदोष म्हणून पाहतो ते मुळापासून तपासले पाहिजे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही शिकवण ज्याला पाळता येत नाही त्याला आपण आळशी म्हणतो. पहाटे जागा होणारा सद्गुणी आणि दहाला उठणारा बेशिस्त, ही वर्गवारी घरोघरी चालते. पेशीच्या आत डोकावले की तिचा आधारच डळमळू लागतो.

वनस्पती-प्राण्यांत दिवसाची लय आतूनच चालते, ही शंका जुनी आहे. १७२९ साली झाँ-झाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे झाड अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. परंतु ही लय एखाद्या जनुकावर अवलंबून असू शकते, हे दाखवायला १९७१ साल उजाडावे लागले. कॅलिफोर्नियात पासाडेना येथील कॅलटेक या संस्थेत सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत रोनाल्ड कोनोप्का हा विद्यार्थी फळमाश्यांवर काम करत होता. पिकलेल्या केळ्यांवर जमणारी हीच ती इवलीशी माशी. कोशातून ती साधारणतः पहाटेच्या सुमारास बाहेर पडते. कोनोप्काने रसायन वापरून माश्यांच्या जनुकांत बदल घडवले आणि अवेळी बाहेर पडणाऱ्या माश्या शोधून काढल्या. त्यात त्याला तीन प्रकार मिळाले. एकीचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसरीचा सुमारे २८ तासांचा, आणि तिसरीला कसलीही लय नव्हती. हे तिन्ही बदल एकाच जनुकात झालेले होते. त्या जनुकाला पिरियड असे नाव मिळाले.

मुंबईकर म्हणून मला या कथेतला एक धागा विशेष प्रिय आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबेद सिद्दिकी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत काही काळ काम करत होते. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास त्यांनी बेंझर यांच्यासह केला, आणि परत आल्यावर कुलाब्यात वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासारख्या विद्यार्थिनीबरोबर माशीच्या गंध आणि चव यांच्या संवेदनांवर जगन्मान्य काम उभे केले. ते काम घड्याळावरचे नव्हते. पण वागणुकीसारखी अमूर्त वाटणारी गोष्ट जनुकांपर्यंत नेऊन तपासता येते, या एकाच विश्वासातून दोन्ही कामे निघाली. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण विज्ञान फक्त दूरदेशी घडते असे त्यांना वाटता कामा नये.

पिरियड जनुक १९८४ साली वेगळे काढण्यात आले. जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी एकत्र, तर मायकेल यंग यांनी स्वतंत्रपणे ते साधले, आणि पुढच्या कामासह या तिघांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खरे कोडे होते ते नंतरचे. एखादे प्रथिन वेळ मोजते म्हणजे काय करते? त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी मला आमच्या लालबागच्या चाळीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उपयोगी पडते. तिच्यात तरंगता गोळा होता. पाणी वर आले की गोळा वर येई आणि नळ बंद होई. असा गोळा ताबडतोब काम करतो, म्हणून पाण्याची पातळी स्थिर राहते. पण कल्पना करा की टाकी भरल्याची खबर नळापर्यंत पोहोचायला कित्येक तास लागत आहेत. मग टाकी भरून वाहील, उशिरा नळ बंद होईल, पाणी तळाला जाईल आणि नळ पुन्हा उशिराच उघडेल. स्थिर पातळीच्या जागी भरती-ओहोटी सुरू होईल, आणि ती किती वेळाने फिरेल हे खबरीच्या दिरंगाईवर ठरेल.

पेशीत नेमके हेच घडते. सस्तन प्राण्यांत क्लॉक आणि बीमॅल-१ ही दोन प्रथिने जोडीने डीएनएवरच्या ठराविक जागी बसतात आणि पर (माशीतल्या पिरियडचीच भावंडे) व क्राय या गटांतली जनुके चालू करतात. त्यांच्यापासून बनलेली पर आणि क्राय प्रथिने हळूहळू साठत जातात, एकमेकांशी जुळतात, पेशीकेंद्रकात शिरतात आणि ज्या जोडीमुळे आपण निर्माण झालो तिचेच काम थांबवतात. नवी प्रथिने बनेनाशी होतात, जुनी विघटित होतात, अडसर दूर होतो आणि क्लॉक-बीमॅलची जोडी पुन्हा कामाला लागते. ही फेरी साधारण चोवीस तासांची व्हावी यासाठी मुद्दाम दिरंगाई घडवून आणावी लागते, आणि ती घडवतात काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. कॅसिन कायनेज-१ हे विकर पर प्रथिनावर फॉस्फेटचे गट जोडत जाते. कुठल्या जागी, किती आणि केव्हा जोडले गेले यावर ते प्रथिन टिकणार की मोडीत निघणार हे ठरते. यंग यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली माशीत याच जातीच्या विकराचे जनुक शोधले आणि त्याला डबलटाइम असे नाव दिले. माझ्या मते या साऱ्या यंत्रणेचा आत्मा इथे आहे. घड्याळ चालू ठेवण्याइतकेच ते सावकाश चालवणे महत्त्वाचे आहे.

इथे थोडे आडवाटेला जाऊन दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. २००५ साली जपानमधील नागोया विद्यापीठात ताकाओ कोंदो यांच्या गटाने नीलहरित जीवाणूंमधली काय-ए, काय-बी आणि काय-सी ही तीन प्रथिने नुसत्या परीक्षानळीत एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूसह एकत्र ठेवली, आणि पेशी नाही, जनुक नाही, अशा स्थितीतही काय-सीवरचे फॉस्फेटचे प्रमाण सुमारे चोवीस तासांच्या लयीत वरखाली होत राहिले. २०११ साली माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत, ज्यांना पेशीकेंद्रकच नसते, पेरॉक्सिरेडॉक्सिन या प्रथिनाच्या ऑक्सिडीकरणात अशीच दिवसाची लय सापडली. म्हणजे वर सांगितलेली जनुकांची फेरी ही काळ मोजण्याची एकमेव रीत नाही. सजीवांनी पृथ्वीच्या फिरण्याला एकाहून अधिक प्रकारे आत्मसात केले आहे.

आता माणसाकडे येऊ. अमेरिकेत एका कुटुंबातल्या अनेक माणसांना संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोप अनावर होई आणि पहाटे साडेचारच्या सुमारास आपोआप जाग येई. लुई प्टाचेक, यिंग-हुई फू आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले की त्यांच्या पर-२ प्रथिनात ६६२ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल आलेले आहे. अशा बाराशेहून अधिक दुव्यांच्या साखळीतला एक दुवा बदलला, फॉस्फेट जोडले जाण्याची जागा गेली आणि माणसाची झोप कित्येक तास अलीकडे सरकली. याच्या उलट, २०१७ साली यंग यांच्याच गटाने क्राय-१ जनुकातला एक बदल वर्णन केला. त्यामुळे प्रथिनातला २४ अमिनो आम्लांचा तुकडा गळतो, ते अधिक घट्टपणे अडसर घालते, फेरी लांबते आणि माणूस मध्यरात्र उलटून गेल्याशिवाय झोपू शकत नाही. असे मोठे बदल थोड्यांमध्येच असतात. पण सर्वसाधारण माणसांतही लवकर आणि उशिरा झोपण्याच्या कलात जनुकांचा वाटा आहेच, आणि वयाचाही आहे. पौगंडावस्थेत हे घड्याळ उशिराकडे सरकते व पुढे वयाबरोबर पुन्हा अलीकडे येते.

ही शेवटची गोष्ट मी रोज सकाळी सातच्या तासाला प्रत्यक्ष पाहते. अकरावी-बारावीची मुले विरार, बदलापूर, पनवेलहून येतात. त्यासाठी पहाटेची लोकल पकडायची तर साडेचारला उठायला हवे. ज्या वयात शरीर रात्री लवकर झोपू देत नाही त्याच वयात आपण त्यांना अशा वेळी वर्गात बसवतो आणि त्यांचे डोळे मिटू लागले की त्याचे खापर मोबाइलवर फोडतो. मोबाइलच्या प्रकाशाचा परिणाम होतो, हे खरेच आहे. डोळ्यांच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज मेलानॉप्सिन नावाचे प्रथिन असणाऱ्या काही चेतापेशी असतात, त्या निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या सुमारे २०,००० चेतापेशींच्या मुख्य घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात. माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित हळू चालते, आणि प्रकाश त्याची दुरुस्ती रोज करत असतो. मात्र मोबाइल हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून सोळा-सतरा वर्षांची मुले पहाटे उठताना अशीच कष्टी होत असणार. इमारती अपुऱ्या आहेत, पाळ्यांत वर्ग भरवावे लागतात, हे मला ठाऊक आहे. तरी लहान मुलांना सकाळचे आणि मोठ्या मुलांना दुपारचे वर्ग देणे अशक्य नाही, आणि हा विचार शिक्षकांच्या बैठकीत गांभीर्याने व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

परंतु या शहरात वेळेची सर्वांत मोठी किंमत मोजली ती पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांनी. माझे बाबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या विभागात, होते. तिसरी पाळी मध्यरात्री सुरू होई आणि सकाळी सुटे. ते लखलखीत उन्हातून चालत घरी येत, म्हणजे ज्या क्षणी शरीराला अंधार हवा त्या क्षणी मेलानॉप्सिनला दिवसाचा सर्वांत स्पष्ट निरोप मिळे. खोलीत पोहोचेपर्यंत नळाला पाणी आलेले असे, भांडी वाजत, शेजारी रेडिओ लागलेला असे. आई आम्हाला गॅलरीत पाठवून दार लोटून घेई आणि बाबा डोळ्यांवर टॉवेल टाकून पडून राहत. गिरणगावात एकेका खोलीत कितीतरी माणसे पाळीपाळीने झोपत आली. एक उठून कामावर जाई तेव्हा त्याच्या जागी दुसरा अंथरूण टाकी. या जीवनाविषयी आपल्याकडे संघर्षाच्या, संपाच्या अंगाने खूप लिहिले गेले आहे. त्या माणसांच्या यकृतात आणि स्वादुपिंडात काय चालले होते, हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते.

आज ते बऱ्याच प्रमाणात माहीत आहे. मेंदूतल्या मुख्य घड्याळाखेरीज यकृत, हृदय, स्वादुपिंड, स्नायू अशा सगळ्या अवयवांच्या पेशींत हीच प्रथिने आपापली फेरी चालवत असतात. मुख्य घड्याळ प्रकाशावर जुळते, पण यकृताचे घड्याळ जेवणाच्या वेळेवर अधिक विसंबते. २००० साली जिनिव्हात उली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेने रात्री खाणाऱ्या उंदरांना फक्त दिवसा खायला दिले, तेव्हा त्यांच्या यकृताची लय उलटली आणि मेंदूतले घड्याळ मात्र पूर्वीच्याच वेळेवर राहिले. रात्री दोन वाजता डबा उघडणाऱ्या कामगाराच्या शरीरातही असाच दुभंग होतो, असे मानायला सबळ कारण आहे. रात्री स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी तत्परतेने येते, मेलाटोनिन हे रात्री वाढणारे संप्रेरक चढलेले असते, आणि तोच भात, तीच चपाती दुपारपेक्षा रक्तातली साखर अधिक वाढवते. २००९ साली बॉस्टनमध्ये फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना प्रयोगशाळेत २८ तासांच्या दिवसावर ठेवले. त्यांचे जेवण आणि झोप आतल्या घड्याळाच्या उलट वेळेला आली तेव्हा साखर आणि रक्तदाब वाढला, भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक घटले, आणि काहींची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचली. उंदरांत तर पुरावा आणखी थेट आहे. क्लॉक प्रथिन बिघडलेले उंदीर लठ्ठ होतात. बीमॅल-१ मुळीच नसलेले अकाली म्हातारे होतात. आणि फक्त स्वादुपिंडातले घड्याळ बंद पाडले तरी मधुमेह जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आणि २०१९ साली रात्रपाळीविषयी तेच मत कायम ठेवले. माणसांमधला पुरावा अजून मर्यादित आहे, हेही त्या संस्थेने नोंदवले आहे आणि ते विसरता कामा नये.

बाबांना पन्नाशीत मधुमेह झाला. एका माणसाच्या आजाराला एकच कारण देणे मला पटत नाही; त्यात आनुवंशिकता असते, आहार असतो, संपानंतरच्या वर्षांची ओढाताणही असते. पण मुंबईत रात्रपाळी संपलेली नाही, तिने जागा बदलली आहे. परळच्या गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या, आणि रात्र जागवणारे कामगार आता अंधेरी-मालाडच्या कार्यालयांत परदेशी ग्राहकांचे फोन घेतात, इमारतींच्या फाटकाशी बसतात, ससून डॉकवर पहाटेपूर्वी मासळी उतरवतात, दादरच्या फूलबाजारात अंधारात टोपल्या फोडतात. माझी वहिनी एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर आहे. तिला सलग काही रात्री ड्यूटी लागते, मग नाइट ऑफ, मग थेट सकाळची ड्यूटी. शरीराला झोपेची वेळ अलीकडे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे सोपे जाते, म्हणून पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवाव्यात, हे आता अभ्यासकांत बऱ्यापैकी मान्य आहे. वहिनीच्या वॉर्डात वेळापत्रक मनुष्यबळाच्या तुटवड्यावर ठरते, आणि ते लिहिणाऱ्या मेट्रनलाही दुसरा इलाज नसतो. तरी वहिनीने स्वतःपुरते दोन बदल केले आहेत. ती ड्यूटीवर जाण्याआधी पोटभर जेवते आणि मध्यरात्रीनंतर शक्यतो काही खात नाही. घरी येताना गडद चष्मा लावते आणि झोपायच्या खोलीला जाड पडदे लावले आहेत. मूळचे ओडिशाचे आणि अमेरिकेत सॉल्क संस्थेत संशोधन करणारे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ साली दाखवले होते की चरबीयुक्त खाणे तेवढेच देऊनही ते चोवीस तासांपैकी ठराविक आठ तासांतच दिले, तर उंदीर कमी लठ्ठ होतात. उंदरांवरून माणसाचा निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. वहिनी म्हणते, निदान छातीतली जळजळ गेली, आणि मला तिच्या म्हणण्याचे मोल वाटते.

सावधपणा औषधांच्या बाबतीतही हवा. शरीरात कोलेस्टेरॉल मुख्यतः रात्री बनते, म्हणून सिमव्हास्टॅटिनसारखी अल्पकाळ टिकणारी गोळी संध्याकाळी देतात आणि त्याला आधार आहे. रक्तदाबाची गोळी मात्र रात्री घेतल्याने हृदयविकार टळतो ही आशा, २०२२ साली ब्रिटनमधल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत खरी ठरली नाही. सकाळ आणि रात्र यांत फरक दिसला नाही. घड्याळाच्या प्रथिनांचे महत्त्व मान्य असणाऱ्यांनीच हे मोकळेपणाने सांगायला हवे, नाहीतर बाजारात वेळेच्या नावाने काहीही विकले जाईल.

बाबांच्या आजारपणाच्या फाइलींचा गठ्ठा अजून माझ्याकडे आहे. त्यात वजन आहे, साखरेचे आकडे आहेत, गोड बंद करण्याच्या सूचना आहेत, आई-वडिलांना मधुमेह होता का याची नोंद आहे. ते किती वर्षे रात्री जागून दिवसा झोपत होते याविषयी एक ओळही नाही. आज वहिनीच्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या, टॅक्सीचालकाच्या केसपेपरवरही ती बहुतेक नसते. कामाची वेळ कोणती, ती किती दिवसांनी बदलते, आणि रात्रीच्या कामात किती वाजता जेवता, एवढे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट पुरते. रात्रपाळीच्या रुग्णाला ‘सकाळी उपाशीपोटी’ आणि ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहून दिलेली चिठ्ठी नेमकी कशी पाळायची, हे त्या उत्तरांवाचून डॉक्टरलाही सांगता येणार नाही.